३५ पौंडांचं घर

जुनं डॉलहाऊस, म्हणजे बाहुल्यांचं घर, घेताना पुढून बघायचं नसतं. पुढून सगळीच गोड दिसतात. मागची फळी बघायची, ती हार्डबोर्डची असेल तर खालच्या कडेला फुगलीये का ते हाताने चाचपायचं, मग उचलून तळ बघायचा, तिथे पेन्सिलीच्या टोकाने टोचल्यासारखी बारीक गोल भोकं दिसली आणि शेजारी पिवळट भुकटी सांडलेली असली तर आत किडा अजून मजेत राहतोय आणि तुम्ही घरी न्याल तेव्हा तो तुमच्या कपाटातही मजेत राहील. आणि शेवटी नाक आत घालून वास घ्यायचा. दमट वास जातो, सिगारेटचा जाता जात नाही.

माझं ज्या कार बूट सेलमध्ये मिळालं तिथे मी हे सगळं केलं, मागे रांगेत उभी असलेली माणसं बघत होती तरी केलं. (इकडे इंग्लंडात रविवारी सकाळी मोठ्या मैदानात लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकायला बसतात, म्हणजे आपला जुना बाजारच, फक्त चिखल जास्त.) विकणारे आजोबा ५० पौंड म्हणाले, मी ३५ वर आणलं. तुळशीबागेत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

घरी आणल्यावर नवऱ्याचा पहिला प्रश्न, "कोणासाठी घेतलंस?" लेक युनिव्हर्सिटीत, नातवंडांचा अजून पत्ता नाही. शेजारणीनेही तेच विचारलं, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आईनेही तेच विचारलं, फक्त तिने वर "अगं, एवढ्या पैशात तिथे भाजी किती येते?" हेही विचारलं. पन्नाशीतल्या बाईने गोल्फचे क्लब आणले असते तर कोणी विचारलं नसतं कोणासाठी. असो.

तर घर ट्राय-अँगचं आहे. तळाला खूण आहे, अर्धी उडालीये पण ओळखता येते. लाइन्स आडनावाच्या तीन भावांची कंपनी, तीन लाइन्स म्हणजे तीन रेषा, रेषांचा ट्रायँगल, म्हणून नाव ट्राय-अँग आणि खूण त्रिकोणाची. १९१९ साली त्यांनी लाइन्स ब्रदर्स काढली, दक्षिण लंडनमधल्या मर्टनला भलामोठा कारखाना टाकला, सायकली, गाड्या, बाहुल्यांच्या ढकलगाड्या, डॉलहाऊस, काय काय बनवायचे, रीजंट स्ट्रीटवरचं ते प्रसिद्ध हॅम्लीज दुकानही १९३१ मध्ये विकत घेतलं. जगातली सगळ्यात मोठी खेळण्यांची कंपनी म्हणून मिरवायचे आणि १९७१ मध्ये दिवाळं निघालं. माझं घर त्यातलं ट्यूडर फॅशनचं, म्हणजे पांढऱ्या भिंतीवर काळ्या रंगाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या, लाल कौलाचं छप्पर, हिरव्या पत्र्याच्या खिडक्या. गंमत अशी की लंडनच्या भोवतीने १९२०-३० च्या दशकात जी शेकडो उपनगरं उभी राहिली तिथल्या खऱ्या घरांवरही अशाच नुसत्या शोभेच्या पट्ट्या मारलेल्या असायच्या, आमच्या गल्लीत आजही आहेत. म्हणजे खरी घरं चारशे वर्षांपूर्वीच्या घरांची नक्कल, आणि माझं हे त्या नकलेची नक्कल, प्लायवूडमध्ये.

पुढचा भाग दोन दारांसारखा उघडतो, आत चार खोल्या, खाली दोन वर दोन, आणि जिना नाही. हो, जिनाच नाही. स्वस्तातल्या बऱ्याच डॉलहाऊसेसना नसायचाच, जागा खातो आणि खर्च वाढवतो. बाहुलीला कोणीतरी कंबरेत धरून वरच्या मजल्यावर ठेवायचं.

आता दुरुस्ती. इथे इंटरनेटवर दोन पंथ आहेत आणि दोघांचं अजिबात पटत नाही. एका पंथाचं म्हणणं, सगळं खरवडून काढा, पांढरा चॉक पेंट मारा, करड्या रंगाची फरशी, बाहेर छोटंसं रीथ (दारावरचं पानाफुलांचं कडं), फोटो काढा. दुसरा पंथ म्हणतो की घराला हात लावू नका, धूळ पुसली तरी मूळपण गेलं. मला पहिल्यांची घरं बघून कंटाळा येतो, सगळीच एकाच हॉटेलातल्या रूमसारखी दिसतात, आणि दुसऱ्यांची बघून गुदमरायला होतं. मी मधलीच निघाले. म्युझियममधली दुरुस्ती करणारी माणसं एक नियम पाळतात तो मला पटला, की तुम्ही जे काही कराल ते उद्या दुसऱ्या कोणाला उलटवता आलं पाहिजे. चिकटवलंत तर सुटलं पाहिजे, आणि नवीन भोक शक्यतो पाडूच नये.

सगळ्यात आधी शिसं. त्या काळच्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं, त्यामुळे कोरड्या पॉलिशपेपरने घासत बसलात तर ती धूळ छातीत जाते. हार्डवेअरच्या दुकानात टेस्ट किट मिळतं, कापसाच्या काडीसारखं, रंगावर घासायचं आणि रंग बदलतो का बघायचं. बदलला. मग मास्क, खाली जुना बेडशीट अंथरलेला, आणि जिथे पोपडे आलेत तेवढ्याच जागी ओला करून वॉटरपेपर, बाकीच्या ठिकाणी हात न लावता वरून पारदर्शक वार्निशचा हात. यात एक गोष्ट आपोआप ठरली. रांगणाऱ्या, सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला हे घर द्यायचं नाही. म्हणजे "कोणासाठी"मधले निम्मे उमेदवार तिथेच बाद.

तळाला भोकं होती पण भुकटी नव्हती, म्हणजे किडा केव्हाच गेलेला. तरी सोबत आलेलं सुटं लाकडी फर्निचर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवलं, उणे १८ ला अळ्या आणि अंडी टिकत नाहीत. मटारांच्या पिशवीशेजारी ड्रेसिंग टेबल. नवऱ्याने आइस्क्रीम शोधताना ते काढलं, बघितलं, काही न बोलता परत ठेवलं, लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस कशाकशाची सवय करून घेतो.

पत्र्याच्या खिडक्यांवर गंज होता. एक खिडकी मुळात नव्हतीच, तिच्या जागी कोणीतरी काडेपेटीचा पुठ्ठा बसवलेला, त्यावर पेनने गज काढलेले. गंजाला बारीक स्टीलवूल आणि तेलाचा थेंब, हळूहळू, कारण पत्र्यावरचा हिरवा रंग गंजाच्या आधी निघतो. आईला सांगितलं तर म्हणाली पितांबरी लाव. आईचा पितांबरीवर जेवढा विश्वास आहे तेवढा डॉक्टरवरही नाही. तिला समजावलं की हे पितळ नाही, पत्रा आहे, तर म्हणाली मग उन्हात ठेव. नोव्हेंबरात. इंग्लंडात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वॉलपेपरमध्ये, आणि मजाही तिथेच आली. खालच्या बैठकीच्या खोलीत वरचा थर होता तो केशरी-तपकिरी मोठ्या फुलांचा, अगदी सत्तरच्या दशकातला, खऱ्या घरासाठीच्या रोलचा उरलेला तुकडा असणार कारण एक फूल भिंतीच्या निम्म्या उंचीचं होतं. म्हणजे त्या घरात राहणाऱ्या बाहुलीच्या दृष्टीने सूर्यफुलाचं शेतच. हार्डबोर्डवरचा कागद काढणं हे नाजूक काम आहे, पाणी जास्त झालं की बोर्ड फुगतो आणि मग तो कधीच सपाट होत नाही, त्यामुळे कोमट पाण्यात पिळून काढलेलं फडकं दाबून ठेवायचं, कागद सैल झाला की प्लास्टिकच्या पट्टीने कडेपासून उचलायचं, मध्येच फाटला तर घाई न करता परत फडकं. रोज थोडंथोडं, टीव्हीसमोर बसून.

केशरी फुलांखाली फिकट निळा रंग. आणि निळ्यावर, फायरप्लेसच्या वर, एका ओळीत तीन पोस्टाची तिकिटं चिकटवलेली. राणी एलिझाबेथच्या तरुणपणीचा चेहरा, एक लाल अडीच पेनीचं, एक जांभळं तीन पेनीचं, एक निळं चार पेनीचं. प्रत्येकाला काडेपेटीच्या काड्यांची चौकट, काड्यांचं गुलाचं टोक कापून कोपरे तिरके जोडलेले, फोटोफ्रेमला सुतार जोडतो ना अगदी तसे. एका चौकटीला वर दोऱ्याचा छोटा त्रिकोणही होता, खिळ्याला लटकवल्यासारखा दिसावा म्हणून. खिळा नव्हता, दोरा डिंकानेच चिकटवलेला. ही तिकिटं १९५२ च्या शेवटापासून १९६७ पर्यंत छापली जायची, आणि इथे नाणी दशमान झाली १९७१ मध्ये, म्हणजे साधारण पन्नास-साठच्या दशकात कोणातरी मुलीने (मुलगाही असेल, पण ते कोपरे बघून मला मुलगीच वाटते, आता यावर कमेंटमध्ये भांडू नका) आपल्या बाहुल्यांच्या दिवाणखान्यात चित्रं लावली होती. आणि नंतर कोणीतरी, बहुतेक धाकट्या बहिणीने किंवा मावशीने, त्यांच्यावरून केशरी फुलं चिकटवून टाकली.

तिथे माझा प्लॅन बदलला. मी त्या खोलीसाठी ऑनलाइन सुंदर छोट्या नक्षीचा कागद मागवला होता, स्केलला अगदी बरोबर. तो परत पाठवला. निळी भिंत तशीच, तिकिटं तशीच, फक्त एका चौकटीची सुटलेली काडी परत बसवली. कशाने, तर खळीने. कागद जतन करणारे लोक आजही गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती वर्षांनंतरही ओलं बोट लावलं की सुटते, फेव्हिकॉलसारखी जन्माची गाठ बांधत नाही. आमच्या लहानपणी पतंगाला, आकाशकंदिलाला खळच असायची, आई कढईत ढवळायची, आणि बाइंडिंगवाले त्यात किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालायचे. मी मोरचूद घातलं नाही, विषारी असतं ते. केशरी फुलांचीही चार बोटं पट्टी मी कोपऱ्यात ठेवलीये. ती मावशीही त्या घरात राहिलेलीच आहे.

आता त्या "कोणासाठी"बद्दल थोडं. डॉलहाऊस लहान मुलींचं खेळणं आहे ही समजूत तशी अलीकडचीच. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या श्रीमंत बाईचं डॉलहाऊस आहे, साधारण १६८६ ते १७१० या काळात तिने ते सजवलं, कासवाच्या पाठीचं जडावकाम केलेल्या कपाटात, आणि त्यावर वीस ते तीस हजार गिल्डर खर्च केले, तेवढ्यात तेव्हा कालव्याकाठचं खरं घर आलं असतं. चिनी मातीची भांडी तिने चीनहून मापाने करवून घेतली. तिला कोणी विचारलं असेल का कोणासाठी? लंडनच्या बेथ्नल ग्रीनमधल्या यंग व्ही अँड ए म्युझियममध्ये १६७३ चं न्यूरेम्बर्गचं घर आहे, त्यातलं स्वयंपाकघर बघा, भांड्यांच्या ओळीच्या ओळी. जर्मनीतली असली छोटी घरं आणि स्वयंपाकघरं मुलींना संसार शिकवायला वापरायचे, नोकरांकडून काम कसं करून घ्यायचं हेसुद्धा.

आणि आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे वास्तुविशारद ल्युटेन्स. नवी दिल्लीत त्याने आखलेला व्हाइसरॉयचा महाल, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, बांधणं चालू होतं त्याच वर्षांत ह्या माणसाने क्वीन मेरीसाठी डॉलहाऊस डिझाइन केलं. १९२४ मध्ये पूर्ण झालं, आता विंडसर कॅसलमध्ये आहे. एक फुटाला एक इंच या मापाचं. आत लिफ्ट चालते, नळाला पाणी येतं, फ्लश चालतो, तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन आहे, लायब्ररीत लेखकांनी खास लिहून दिलेली इवलीशी पुस्तकं आहेत. लहान मूल त्याच्या आसपासही फिरकलं नसेल. मी बघून आले, काचेपलीकडून, रांगेत पुढे सरकत सरकत. कौतुक वाटलं, पण खरं सांगू का, आत कोणी खेळलंय असं कुठेच वाटलं नाही. माझ्या ३५ पौंडांच्या घरात ते वाटतं.

अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाच्या बाईंनी तर १९४० च्या दशकात छोट्या खोल्यांमध्ये संशयास्पद मृत्यूंचे देखावे तयार केले, पोलिसांना पुरावा कसा बघायचा ते शिकवण्यासाठी. बाहुल्यांचे पायमोजे त्यांनी टाचण्यांवर विणले. त्यातले १८ देखावे बाल्टिमोरला अजून ट्रेनिंगला वापरतात. हे मी शेजारणीला सांगितलं, त्यानंतर तिने कोणासाठी हा प्रश्न परत विचारला नाही.

आपल्याकडे घर नव्हतं, भांडी होती. भातुकलीला घर लागतच नाही, जिन्याखालची जागा, दोन खुर्च्यांवर टाकलेली आईची साडी, झालं. आणि तिथे बाहुली राहत नाही, आपण स्वतः राहतो, आपणच आई, आपणच पाहुणे, आणि चुरमुरे, दाणे-गूळ खरंखुरं खायचं असतं. इथल्या जुन्या डॉलहाऊसमध्ये ताटलीला चिकटवलेलं प्लास्टरचं मांस असतं, ते कोणी खाऊ शकत नाही. त्यात जास्त चांगलं काय हे मी ठरवणार नाही, मला भातुकलीत नेहमी पोळ्या लाटायला लावायचे आणि भाऊ ऑफिसला जाऊन यायचा, त्यामुळे माझं प्रेम तिथेही थोडं राखूनच आहे.

पण आईचा उत्साह मात्र मध्येच जागा झाला. तिकिटांचा फोटो पाठवला तेव्हापासून. माझी भातुकली माळ्यावरून काढली, पितांबरीने घासली (शेवटी तिला संधी मिळाली), आणि ओळखीचे कोणी येत होते त्यांच्या बॅगेत घातली. पितळी बंब, घंगाळ, जातं, शेगडी, पोळपाट-लाटणं, आणि सावंतवाडीच्या चितारआळीतला रंगवलेला लाकडी पाळणा. आता प्रश्न मापाचा. ट्राय-अँगची ही घरं साधारण १:१६ मापाची, म्हणजे आपला एक इंच तिथला सोळा इंच. बंब तीन इंच उंच, म्हणजे तिथे चार फूट, एकदम फिट, आमच्या वाड्यातला होता तेवढाच. पण पोळपाट दोन इंच रुंद, म्हणजे तिथे पावणेतीन फूट, आणि उंची जेमतेम अर्धा इंच, म्हणजे आठ इंच. तो पोळपाट त्या घरात चौरंग झाला. जात्यासाठी तर एक भिंत पाडावी लागेल. हौशी मंडळी स्केल चुकलं की फार हळहळतात, पण दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजाच्या दुप्पट उंच मावळा उभा करून ज्याने बालपण काढलंय त्याला याचं काय वाटणार.

दिव्यांचं काम सोपं झालं. आधी कोणीतरी बॅटरीवर बल्ब लावले होते, त्यांच्या वायरची भोकं होतीच, त्यातूनच १२ व्होल्टच्या बारीक एलईडी ओवल्या, पिवळसर उजेडाच्या. पूर्वीचे गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब अजून मिळतात पण ते तापतात आणि उडतात. वरच्या खोलीच्या फरशीला कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या कापून लावल्या, खाली पुठ्ठा टाकून, म्हणजे पुठ्ठा उचलला की सगळी फरशी एकदम बाहेर. पुठ्ठ्याची खिडकी तशीच ठेवावी की ईबेवरून पत्र्याची आणावी यावर मी अजून अडकलेय. पत्र्याची सापडलीये, पोस्टेज धरून अर्ध्या घराच्या किमतीला.

जिना करायचा नाही असं ठरवलंय, जिन्याला वरच्या मजल्याला भोक पाडावं लागेल आणि ते उलटवता येणार नाही. बाहुल्यांनी इतकी वर्षं भागवलंय. बंबावरून मात्र घरात वाद चालू आहे. आईचं म्हणणं बंब अंगणात ठेव, पण या घराला अंगणच नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. तर नवऱ्याने, ज्याने आत्तापर्यंत या घराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, चष्मा लावला, वाकून बघितलं आणि विचारलं, धूर कुठून जाणार? छपरावर चिमणी आहे पण ती नुसता ठोकळा आहे, आतून भरीव, हे मी त्याला दाखवलं. म्हणे, मग त्यात काय, ड्रिल आणतो. ड्रिल सध्या मी लपवून ठेवलंय.